पाटी दिसली की सोडू नका

१९९५ सालच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या मसाला चक्कीवरची पाटी खाली उतरवण्यात आली. त्याच दिवशी अकरा वाजता माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, बघायला पाहुणे येणार होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं पाटी उतरवणाऱ्याला वाटलं नाही. पाटी उतरवणारा मी होतो.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या सुरत कचेरीत प्रूफं तपासत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून माणूस संध्याकाळी घरी आला की त्याला घरातही चुका दिसू लागतात. (घरातल्यांना तो माणूसच चूक वाटू लागतो, ही नंतर मिळालेली माहिती.) आमच्या पाटीवर लाल रंगावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ‘जळगावस् फेमस मसाला मिल’ असं लिहिलेलं होतं. जळगाव, त्याला चिकटून एस. या दोघांच्या मध्ये, वरच्या बाजूला, इंग्रजीत एक टिंब लागतं. मालकी दाखवणारं. अपॉस्ट्रॉफी. ते नव्हतं. सहा वर्षं नव्हतं आणि सहा वर्षांत मिरची कमी दळली गेली, अशी नोंद नाही.

मला त्या टिंबाचं कुतूहल होतं. आमच्या गल्लीत हीच गोष्ट तीन तऱ्हेने सांगता येई. बाहेर आम्ही ‘जळगावची चक्की’ म्हणत असू. घरात माय अहिराणीत ‘जळगावनी चक्की’ म्हणे. समोरच्या गुजराती काकी ‘जलगांवनी घंटी’ म्हणत. मायचं ‘नी’ आणि काकींचं ‘नी’ एकच निघालं आणि त्या जोरावर दोघींची सहा वर्षं मैत्री होती. इंग्रजीने मात्र हे सगळं काम हवेत लटकणाऱ्या एका टिंबाकडे सोपवलं होतं. त्यातही गंमत म्हणजे, कचेरीतल्या नकाशांच्या पुस्तकात परदेशातल्या कित्येक गावांच्या नावांना शेवटी एस होता आणि टिंब नव्हतं. ही मी छपाईची चूक धरली. पुस्तक परदेशी होतं, म्हणून पेन्सिलीनेच दुरुस्त केली.

आता पाहुण्यांविषयी. मुलगा प्रकाश, चलथाणला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. सोबत आई, वडील आणि मामा. मामा नंदुरबारकडे हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मुलाचा फोटो आला होता; नंदाचा आम्ही पाठवला नव्हता. घरात सगळ्यांनी तो पाहिला. मी पाहिला नाही. मी बायोडेटा पाहिला आणि त्यात सात चुका काढल्या. नंदाचं हे तिसरं बघणं होतं. आधीच्या दोघांचे फोटो तिने दुसऱ्याच दिवशी परत दिले होते. हा फोटो पंधरा दिवस झाले तरी तिच्या शिवणकामाच्या वहीत होता. त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नव्हतं. माय मात्र रोज ती वही उचलून, झटकून, पुन्हा तिथेच ठेवत होती.

थोरला भाऊ, आमचा दादा, चक्की चालवायचा. ऐन मसाल्याच्या हंगामात, बायका डबे घेऊन दारात उभ्या असताना, त्याने त्या रविवारी चक्की बंद ठेवली. कारण सरळ होतं. चक्की चालू असली की खालून तिखट उडतं आणि वर राहणारी माणसं शिंकत शिंकत बोलतात.

राहिला पत्ता. आमच्या सोसायटीत घरांना तीन वेळा नंबर पडले होते आणि तिन्ही वेळचे नंबर भिंतींवर शाबूत होते. आमचं घर एकाच वेळी सतरा, बेचाळीस आणि ब-नऊ होतं. सगळ्या रांगा सारख्या, सगळी घरं सारखी, सगळीकडून मागांची तीच खटखट. त्यामुळे आमच्याकडे पत्ता म्हणजे खूण. दादाने मध्यस्थाकरवी निरोप पाठवला तो असा : “उधन्याला उतरा. रिक्षा करा. नंबर कोणाला विचारू नका, चुकाल. लाल पाटी बघा. जळगाव लिहिलेलं दिसलं की तेच आपलं घर. पाटी दिसली की सोडू नका!”

हा निरोप मी स्वतः ऐकला होता. त्यात भाषेची चूक नव्हती, म्हणून माझ्या लक्षात राहिला नाही.

रविवारी सकाळी मला एकच गोष्ट दिसत होती. इंग्रजीचे मास्तर पाटीखाली उभे राहणार आणि वर बघणार! घरात वर्तमानपत्रात काम करणारा माणूस आहे, हे आम्ही मोठ्या अभिमानाने कळवलेलं. मास्तर म्हणतील, पेपरवाल्याच्या घरावर ही पाटी? आणि नंदाचं लग्न एका टिंबापायी मोडेल.

नगीनभाई पेंटरकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

“दस मिनिटनुं काम छे,” ते म्हणाले. “पण मारा घूंटण दुखे छे. सीडी नहीं चढुं. पाटियुं अहीं लई आवो.”

त्यांचे गुडघे दुखत होते; पाटीने त्यांच्याकडे जायचं होतं. दादा नाश्त्याला लोचो आणि पेढे आणायला गेला होता. माय वर पोह्यांना कांदा चिरत होती. नंदा साडी नेसत होती. विचारायला कोणी मोकळं नव्हतं, आणि मला विचारायचंही नव्हतं. कोपऱ्यावरच्या भिकाकाकांची हातलारी घेतली, आम्ही दोघांनी पाटी उतरवून तिच्यावर उभी बांधली. झोपवली असती तर रंगाला चरे पडले असते. चांगला शर्ट खराब होऊ नये म्हणून मी बनियनवर होतो.

उधन्याच्या बाजूने एक रिक्षा आली. आत चार माणसं. अंगावर इस्त्रीचे कपडे. आमची लारी वळली, तशी रिक्षाही वळली.

मला वाटलं, तिला पुढे जायचं आहे. मी लारी कडेला घेतली. रिक्षा थांबली. मी हात केला, जा पुढे. आतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी मला नमस्कार केला. मीही केला. (सुरतेत रिक्षातून अनोळखी माणूस नमस्कार करतो, हे मला आवडलं.) आम्ही निघालो. रिक्षाही निघाली, आमच्याच चालीने. भिकाकाका मागे बघून म्हणाले, “भाऊ, ह्या रिक्षाला गिअर नाही का?”

आत काय बोलणं झालं, ते मला नंतर रिक्षावाल्यासकट पाच जणांनी सांगितलं. सगळ्यांच्या सांगण्यात फरक नव्हता, म्हणून ते खरं मानतो.

“पाटी!” मुलाचे वडील ओरडले.

“पण ती चाललीय,” मुलाची आई म्हणाली.

“चालली तर चालली. सोडू नका म्हणून सांगितलंय.”

“अहो, घर असं चालतं का?”

“नवीन ठिकाणी लावायला नेत असतील. रिक्षावाले भाऊ, उसके पीछे!”

ही मंडळी दीड तास लवकर आली होती. मामांना गाडी चुकण्याची भीती वाटे, म्हणून त्यांनी सगळ्यांना आधीच्या गाडीत बसवलं होतं आणि ती गाडी नेमकी वेळेवर आली होती. आमच्या बेतात ही शक्यता धरलेली नव्हती.

नगीनभाईंचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचा ओटा. लग्नसराईत त्यांच्याकडे ‘सुस्वागतम’च्या कमानी रंगवून घ्यायला लोक नटूनथटून येत. रिक्षातून चौघं उतरली, तेव्हा मला ती नगीनभाईंची गिऱ्हाइकं वाटली. नगीनभाईंना वाटलं, माझी माणसं आहेत. आणि त्या चौघांना वाटलं, आपण मुलीच्या घरी पोचलो! पाटी समोर होती. तिच्यावर जळगाव होतं. आणखी काय पाहिजे?

“बेसो, बेसो,” नगीनभाई म्हणाले आणि आत आवाज दिला, “हेतल, चार चा!”

मग माझ्याकडे वळून त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. “टपकुं क्यां मूकुं? जग्या ज नथी.”

खरोखरच जागा नव्हती. जळगावचं शेवटचं अक्षर आणि एस इतके जवळ होते की मध्ये केसही गेला नसता.

“एस पुसा,” मी म्हणालो. “पुढे सरकवा.”

“तो ‘फेमस’ पण खसेडवुं पडे.”

“तेही सरकवा.”

“अने मिल?”

“नगीनभाई, सगळं सरकवा!”

नगीनभाईंनी डबा उघडून माझ्या हातात दिला आणि लाल रंगाचे फटकारे मारून एसपासून मिलपर्यंत सगळं नाहीसं केलं. मग ब्रश हातात धरून मला मनापासून विचारलं, “आ टपकुं शुं काम करे?”

“मालकी दाखवतं.”

“कोनी?”

“जळगावची.”

“तो जलगांव आवीने घंटी चलावशे?”

जळगाव येऊन चक्की चालवणार का, या प्रश्नावर ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघू लागली. चष्मेवाले गृहस्थ पुढे सरकले. “यांचा मुद्दा बरोबर आहे,” ते मराठीत म्हणाले. “तुम्ही हे टिंब लावताय कशासाठी?”

मला माणूस मिळाला! मी बनियनवर, हातात रंगाचा डबा, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा या विषयावर कोणीतरी आपणहून विचारत होतं. मी त्यांना चा-ची-चे, ना-नी-नं आणि हवेतलं टिंब, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, “पण नकाशात बघा. गावांच्या नावांतलं हे टिंब काही देशांनी स्वतःच काढून टाकलंय.”

“छपाईची चूक आहे ती,” मी म्हणालो.

“सगळ्या नकाशांत?”

“मी दुरुस्त केलीय.”

“अस्सं,” ते म्हणाले. “आणि आज रविवारी इतकी घाई का?”

मी आवाज खाली आणला. बातमी सांगताना माणूस आणतो तसा. “आज आमच्याकडे बघायला येणारेत. त्यात एक इंग्रजीचे मास्तर आहेत. हे मास्तर लोक कसे असतात, तुम्हाला माहितीय. मुलगी बघायला येतात आणि चुका बघून जातात. आयुष्यभर लाल पेन चालवलेला माणूस, त्याला दुसरं दिसणार काय?”

गृहस्थांनी बाकीच्या तिघांकडे बघून गप्प राहण्याची खूण केली. (मी ती पाहिली. मला वाटलं, माशी हाकलताहेत.)

“अजून काय म्हणता मास्तरांबद्दल?”

मी अजून पुष्कळ म्हणालो. ते इथे देत नाही. इंग्रजीचे मास्तर समोर बसले आहेत आणि इंग्रजीच्या मास्तरांसाठी पाटी दुरुस्त होते आहे, या दोन बातम्या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या पानांवर लागल्या होत्या.

तेवढ्यात हेतल चहा घेऊन आली. नगीनभाईंची मुलगी, बारावी झालेली, हसरी. चारही पाहुणे सावरून बसले. मुलाने चहा घेतला आणि बशीत बघत राहिला.

“नाव काय बेटा?” मुलाच्या आईने विचारलं.

“हेतल.”

आईने वडिलांकडे पाहिलं. वडील हळूच म्हणाले, “घरचं नाव असेल.”

“स्वयंपाक येतो?”

“हा मासी. उंधियुं, खमण, बद्धुं बनावतां आवडे.”

“आणि भरीत?”

“भरीत शुं?” हेतलने विचारलं.

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, इतक्या घाईने ठेवला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “जळगावची मुलगी आणि तिला भरीत माहीत नाही?”

या वाक्याने माझ्यावर जो परिणाम केला, तो कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकाने केला नव्हता. मी वळलो. “आपण... कुठून आलात?”

“चलथाणहून,” गृहस्थ म्हणाले. “मी मात्र नंदुरबारचा. लाल पेनवाला.”

माझ्या हातातून डबा सुटला. तो जमिनीवर पडला असता तर गोष्ट तिथे संपली असती. तो मामांच्या गुडघ्यावर आपटला आणि पांढऱ्या शर्टाच्या उजव्या बाहीपासून पँटपर्यंत लाल ऑइलपेंट गेला. नगीनभाई रॉकेलची बाटली घेऊन धावले. रॉकेलने रंग निघाला नाही, पसरला. मुलाचे वडील “राहू द्या, राहू द्या” म्हणत होते. मामा बाही अंगापासून दूर धरून उभे होते. मुलगा मात्र तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

“ओली पाटी लारीवर नाही घेणार,” भिकाकाकांनी लारीवरून जाहीर केलं. पाटी तिथेच राहिली. त्या वेळी तिच्यावर फक्त ‘जळगाव’ एवढंच उरलं होतं.

आता घरी काय चाललं होतं, ते पाहू. सव्वादहाला दादा लोचो घेऊन परतला आणि वर बघून थांबला. भिंतीवर दोन हूक होते. पाटी नव्हती.

“माय, पाटी कथा गई?”

“कथा म्हंजे? शे ना तठेच!”

“नही शे! कोन्ही चोरी लई गयं!”

पाहुणे पाटीवरून येणार आणि पाटी नाही. दादाने स्टूल टाकलं, त्यावर चढून दोन्ही हुकांच्या मध्ये स्वतः उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला “आठेच शे, हीच चक्की” असं सांगू लागला. पंधरा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की येणारेजाणारे सगळे गल्लीतलेच आहेत. मग त्याला उपाय सुचला. पाटी नसली तर नसली, वास आहे! नवखा माणूससुद्धा मसाल्याच्या वासावर चक्कीपर्यंत येतोच. तो खाली उतरला, चक्कीचं बटण दाबलं आणि आठ किलो लवंगी मिरची आत ओतली.

आम्ही सव्वाअकराला गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तेव्हा रिक्षावाल्याला पहिली शिंक आली. तिथून पुढे पत्ता विचारावा लागला नाही.

दादाने मला पाहिलं. मग माझ्यामागून उतरणाऱ्या पाहुण्यांना पाहिलं. मग मामांचा शर्ट पाहिला.

“रक्त?” त्याने विचारलं.

“रंग,” मी म्हणालो.

“कसाना?”

“पाटीचा.”

दादाने भिंतीवरचे दोन हूक पाहिले. शिंकला. माय जिन्यात आली, तिने सगळं ऐकलं आणि पदराने नाक धरून म्हणाली, “तुले कोनी सांगेल व्हतं रे? सहा वरीस ती पाटी तुले चावनी का?” पाहुण्यांसमोर याहून जास्त बोलता येत नव्हतं. जे बोलायचं राहिलं, ते तिने पुढचे दोन महिने रोज थोडं थोडं बोलून पूर्ण केलं.

वर नऊ माणसं बसली : पाहुणे चार, आम्ही चार आणि रिक्षावाला. (त्याला पुढे काय होतं ते बघायचं होतं. पोहे त्यालाही दिले.) चक्की बंद केली होती, पण आठ किलो लवंगी एकदा हवेत गेली की बटणाला जुमानत नाही. मुलाचे वडील घराण्याची माहिती देत होते आणि प्रत्येक पिढीनंतर शिंकत होते. अशात नंदा पोह्यांचा ट्रे घेऊन आली. डोळे लाल. गालांवरून पाणी. नाकाचा शेंडा गुलाबी.

मुलाच्या आईचा चेहरा बदलला. त्यांनी ट्रे बाजूला घेतला आणि तिचा हात धरला. “बाई गं, रडतेस का? मनाविरुद्ध बसवलंय का तुला? असेल तर आत्ता सांग. आम्ही उठतो.”

खोलीत एकही शिंक आली नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. माझ्या पायाला लाल रंग लागला होता. नंदा काय बोलेल, यावर तिची ती शिवणकामाची वही अवलंबून होती, आणि या प्रसंगापर्यंत तिला मीच आणलं होतं, लारीवर बांधून.

नंदाने पदराने नाक पुसलं. “रडत नाही,” ती म्हणाली. “रडायचं असतं तर फोटो परत दिला असता.”

मग ती शिंकली. समोरून प्रकाश शिंकला. मग पुन्हा ती. मामांनी शर्टाच्या त्यातल्या त्यात पांढऱ्या बाहीने चष्मा पुसला.

“भरीत येतं का, एवढं विचारून घ्या,” ते बहिणीला म्हणाले.

“आत तयार आहे,” नंदा म्हणाली. “जेवूनच जा.”

पाहुणे जेवून गेले. मामांनी दादाचा शर्ट घातला होता. तो त्यांना दोन्ही खांद्यांवरून ओघळत होता. जाताना ते माझ्यापाशी थांबले. “नकाशातल्या त्या दुरुस्त्या,” ते म्हणाले, “खोडून टाका. पेन्सिलीच्या आहेत ना?”

होकार गुरुवारी आला. त्याच्या आदल्या दिवशी नगीनभाईंनी पाटी पाठवली होती. एस पुढे सरकला होता, फेमस सरकलं होतं, मिल तर लाकडाच्या कडेपर्यंत गेली होती. मधल्या जागेत, मी सांगितलं होतं तिथेच, टिंब होतं. मालकीचा मुद्दा नगीनभाईंना शेवटपर्यंत पटला नव्हता, त्यामुळे त्यांनी आपल्या समजुतीने त्याला हिरवा रंग आणि वर देठ दिला होता. त्या आठवड्यापासून गल्लीत आमचा पत्ता ‘हिरव्या मिरचीची पाटी’ असा झाला आणि कोणी चुकलं, असं ऐकिवात नाही.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पत्रिकेवर घराचा पत्ता तिन्ही नंबरांसह आणि खुणेसह छापण्यात आला. पत्रिकेचं प्रूफ नंदुरबारला, मामांकडे पाठवलं होतं. मला ते दाखवण्यात आलं नाही.